मदत हवी आहे : काळाराम सत्याग्रहातले पणजोबा

नमस्कार मंडळी. २ मार्च १९३० ला सुरू झालेल्या काळाराम मंदिर सत्याग्रहात आजीचे वडील होते, असं ती सांगायची. दादासाहेब गायकवाडांबरोबर, म्हणे. रामनवमीच्या रथावेळी दगडफेक झाली, तेव्हा त्यांच्या कपाळाला खोक पडली. त्या व्रणावर तिनं लहानपणी कितीदा बोट फिरवलेलं. घरात कागद एकही नाही. एक पत्र्याची पेटी होती, ती पुरात गेली (गोदेकाठी राहायचं म्हणजे हे आलंच).

तेव्हा अटक झालेल्यांची नावं कुठे बघायला मिळतील? सावानात (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात) त्या काळातली वर्तमानपत्रं चाळू देतात का? पंचवटीत कुणाकडे सत्याग्रहाचे फोटो असतील तर कळवा, रविवारी येऊन बघतो. चहा माझ्याकडून.