मदत हवी आहे: हा पाणटिवळा काळ्या शेपटीचा की पट्टेरी शेपटीचा?

नमस्कार. ऑक्टोबरच्या अखेरीस, ओहोटीच्या वेळी, अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर टिपलेल्या एका पक्ष्याची ओळख पटवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे. पाणटिवळा (गॉडविट, म्हणजे लांब चोचीचा पाणथळीतला पक्षी) आहे एवढे नक्की. तो कोणता, यावर आमच्या घरातच दोन मते आहेत.

भिगवणला काळ्या शेपटीचे पाणटिवळे मी दर हिवाळ्यात पाहतो, त्यामुळे त्यांची एकसारखी करडी-तपकिरी पाठ डोळ्यांत बसलेली आहे. आक्षीच्या पक्ष्याची पाठ तशी नव्हती. प्रत्येक पिसाच्या मधोमध गडद रेघ होती आणि कडा फिकट होत्या, इतक्या की क्षणभर मला तो कर्ल्यूच (कुरल, लांब बाकदार चोचीचा दुसरा किनारपक्षी) वाटला. चोच टोकाकडे किंचित वर वळलेली दिसते. परंतु काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याची चोचही दर वेळी फूटपट्टीसारखी सरळ नसते, आणि दोन्ही जातींत मादीची चोच नरापेक्षा लांब असल्याने त्या खुणेवर मी फारसा विसंबत नाही. पायांच्या लांबीवरून निकाल लागला असता, पण पक्षी पोटापर्यंत पाण्यात उभा होता.

खरी खूण उडताना दिसते. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा असतो आणि पांढऱ्या कमरेखाली शेपटीचा काळा भाग उठून दिसतो. पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पंखावर असा पट्टा नसतो. कुत्री धावत आल्यावर पक्षी उडाला, तेव्हा मी नेमका थर्मासमधून चहा ओतत होतो. पट्टा नव्हता, असे पत्नी ठामपणे सांगते. तिच्या मते तो पट्टेरी शेपटीचाच आहे.

माझी शंका वेगळी आहे. काळ्या शेपटीच्या पाणटिवळ्याच्या पहिल्या वर्षाच्या पिल्लाची पाठही नक्षीदार असते. पट्टेरी शेपटीचा पाणटिवळा आपल्या किनाऱ्यावर तुलनेने कमी दिसतो, म्हणून घाईने नोंद करणे मला प्रशस्त वाटत नाही. मोह मात्र होतो, हे कबूल करतो: याच जातीच्या एका पिल्लाने २०२२ मध्ये अलास्काहून टास्मानियापर्यंत सुमारे १३,५६० किलोमीटर अंतर कुठेही न उतरता कापले होते.

फोटोत भुवईची फिकट रेघ डोळ्याच्या मागेही गेलेली दिसते आणि छाती नारिंगी नसून फिकट बदामी आहे. काळ्या शेपटीच्या पिल्लाची पाठ ऑक्टोबरअखेरपर्यंत इतकी रेघांची राहू शकते का, आणि या वयात भुवईच्या खुणेवर कितपत भरवसा ठेवावा?