नवापूरमार्गे साक्रीला जाताना बर्ड फ्लूची कितपत काळजी घ्यावी?

उधनावासी (प्रश्न, फेब्रुवारी २०२१)

आम्ही मूळचे साक्री तालुक्यातले, पण गेली अनेक वर्षे सुरतेत उधन्याला राहतो. पुढच्या आठवड्यात चुलत दिराचे लग्न असल्याने मोटारीने गावी जायचे आहे. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, विसरवाडी, दहिवेल हा आमचा नेहमीचा रस्ता असून नवापूरजवळच्या खेड्यात माझ्या मामींकडे एक मुक्काम ठरलेला आहे. मात्र नवापूरच्या पोल्ट्र्यांमध्ये बर्ड फ्लू निघाल्याची बातमी आल्यापासून घरात एकमत होत नाही. सासऱ्यांचे म्हणणे, या लग्नाला जाऊच नये. यजमानांचे म्हणणे, काचा बंद ठेवून न थांबता नवापूर ओलांडावे. सासऱ्यांना दमा आहे आणि सोबत चार वर्षांचा मुलगा आहे. मामींच्या परसात दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत व हा मुलगा तेथे गेला की खुराड्यापासून हलत नाही. शिवाय शेतातल्या म्हसोबाला कोंबड्याचा मान द्यायचा असून तो कोंबडा मामी घरचाच देणार आहेत आणि आम्ही तो गाडीतून साक्रीला नेणार आहोत. करोनामुळे आधीच जीव मेटाकुटीस आला आहे, म्हणून जाणकारांनी स्पष्ट मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त पशुधन विकास अधिकारी

ताई, लग्नाला अवश्य जा. रस्ता बदलण्याचेही कारण नाही. महामार्गावरून गाडीने जाणाऱ्या माणसाला या रोगाची बाधा होत नाही, कारण हा विषाणू आजारी पक्ष्याची विष्ठा, लाळ, नाकातील स्राव आणि त्यांनी माखलेल्या वस्तू यांच्यातून पसरतो. आपल्या प्रश्नातील काळजीच्या खऱ्या जागा दोनच आहेत: मामींचे खुराडे आणि तो मानाचा कोंबडा.

भारतातील पहिला प्रादुर्भाव नवापुरातच १८ फेब्रुवारी २००६ रोजी जाहीर झाला आणि त्या वेळी पक्षी नष्ट करणाऱ्या पथकांमध्ये मी काम केले आहे. नमुन्यांचा अहवाल भोपाळच्या प्रयोगशाळेतून येईपर्यंत अनेक पोल्ट्रीवाले ही मरतूक मानमोडीची, म्हणजे राणीखेतची आहे, असेच ठामपणे सांगत होते. त्यांना दोष देता येत नाही, कारण दोन्ही रोगांत पक्षी झपाट्याने मरतात आणि नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही. तुरा निळा-जांभळा पडणे, डोके सुजणे, पायांच्या उघड्या भागावर रक्ताचे लालसर डाग दिसणे आणि काही पक्षी तर कोणतेही लक्षण न दाखवता सकाळी शेडमध्ये मेलेले आढळणे, ही चिन्हे दिसली की प्रयोगशाळेखेरीज निदान नाही. पुढे मार्चमध्ये हाच रोग जळगाव जिल्ह्यातही आढळला.

त्या काळापासून माझ्या मनात पक्के बसले आहे की गावोगाव रोग नेण्याचे काम बहुतेक वेळा माणसांच्या हातूनच होते. अंड्यांचे ट्रे, खाद्याची रिकामी पोती, टेम्पोची चाके, शेडमधून बाहेर आलेल्या चपला आणि आजार लपवून घाईने विकलेले पक्षी यांच्याबरोबर विषाणू पुढे जातो. म्हणूनच बाधित ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातील पक्षी नष्ट केले जातात आणि दहा किलोमीटरपर्यंतचा भाग निगराणीखाली ठेवला जातो. मामींचे गाव त्यात येते का, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. येत असेल, तर तेथून जिवंत पक्षी किंवा अंडी बाहेर नेण्यास मनाई आहे. येत नसेल, तरीही कोंबडा गाडीत घालू नका, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. निरोगी दिसणारा पक्षीही विषाणू बाळगून असू शकतो आणि आपल्या साक्रीच्या भाऊबंदांच्या परसातही कोंबड्या असतीलच.

एक फिजिशियन, धुळे

वरील उत्तराशी सहमत आहे. माणसांविषयी थोडे सांगतो. बर्ड फ्लूचा एच५एन१ हा विषाणू माणसाला सहजी लागत नाही, परंतु लागला तर अत्यंत घातक ठरतो. २००३ पासून जगभरात साडेआठशेहून अधिक रुग्णांची नोंद झाली असून त्यांतील निम्म्याहून अधिक दगावले. बहुसंख्य रुग्णांचा आजारी अथवा मेलेल्या पक्ष्यांशी किंवा जिवंत पक्ष्यांच्या बाजाराशी निकटचा संबंध आलेला होता. भारतात आजपर्यंत एच५एन१ची बाधा झालेला एकही रुग्ण नोंदला गेलेला नाही.

मामींकडे थांबायला हरकत नाही, पण मुलाला खुराड्याजवळ जाऊ देऊ नये. या वयाची मुले हात सतत तोंडात घालतात आणि विष्ठा सुकून अंगणभर पसरलेली असते. खुराडे झाडताना सासऱ्यांनी तेथे उभे राहू नये. जेवणात चिकन किंवा अंडी असल्यास ती पूर्ण शिजलेली असावीत. आतपर्यंत ७० अंश सेल्सिअस तापमान पोहोचले की हा विषाणू नष्ट होतो आणि आपला रस्सा त्याहून कितीतरी जास्त तापतो. धोका असतो तो शिजवण्याआधी, कच्चे मांस हाताळताना.

परतल्यानंतर कोणाला ताप, खोकला किंवा धाप लागली, तर सध्या प्रत्येकाच्या मनात करोनाच येईल. तरी पक्ष्यांशी संपर्क आला असल्यास डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा. लक्षणे साधारणपणे दोन ते पाच दिवसांत दिसतात, क्वचित त्याहून उशिराही. ऑसेल्टामिविर हे औषध पहिल्या दोन दिवसांत सुरू झाले तर अधिक उपयोगी पडते.

नवापूरचा पोल्ट्रीधारक

आमच्या गावाचे नाव घेतले की लोक गाडीचा वेग वाढवतात, याचे वाईट वाटते, म्हणून लिहीत आहे. डोळ्यांदेखत वाढवलेले पक्षी पोत्यांत भरले जातात, खड्ड्यात चुना पसरला जातो आणि बँकेचा हप्ता मात्र तसाच राहतो. अंड्यांवरच्या मोठ्या कोंबडीला ९० रुपये भरपाई ठरलेली आहे. पण शेड पुन्हा भरेपर्यंतच्या महिन्यांचे उत्पन्न बुडते ते वेगळेच. अफवांमुळे भाव पडले की आजार लपवण्याचा मोह वाढतो आणि त्यातून सर्वांचेच नुकसान होते. ताई, नवापुरात चहाला निःसंकोच थांबा. फक्त शेडकडे कोणी फिरकू नये, एवढेच मागणे आहे.

उधनावासी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मामींशी फोनवर बोलले. खुराड्याला जाळी लावून ते बंद ठेवण्याचे त्यांनी मान्य केले आहे. एखादी कोंबडी मेली, तर उकिरड्यावर न टाकता दवाखान्यात कळवण्याचेही त्यांनी कबूल केले. म्हसोबाला यंदा नारळ फोडून मान देऊ, असे सासऱ्यांनीच सुचवले आणि लग्नाला येण्यासही ते तयार झाले.

एक फिजिशियन, धुळे (जुलै २०२१)

हा धागा अजूनही वाचला जात असल्यामुळे नवी माहिती नोंदवतो. या महिन्यात हरियाणातील अकरा वर्षांच्या मुलाचा दिल्लीच्या एम्समध्ये एच५एन१मुळे मृत्यू झाला असून देशातील मानवी मृत्यूची ही पहिलीच नोंद आहे. त्याला रक्ताचा कर्करोगही होता. त्याला हा संसर्ग कोठून झाला, हे स्पष्ट झालेले नाही. मात्र त्याच्या नातेवाइकांमध्ये किंवा उपचार करणाऱ्या कर्मचाऱ्यांमध्ये रोग पसरल्याचे आढळलेले नाही. ज्यांच्या घरी लहान मुले आहेत किंवा कर्करोगावर उपचार घेणारी माणसे आहेत, त्यांनी परसातल्या कोंबड्यांबाबत वर सांगितलेली काळजी गावात साथ नसतानाही घ्यावी.