मदत हवी आहे: सोनोग्राफीत बाळाचं पाऊल वाकडं सांगितलं, कशानं होतं हे?

नमस्कार मंडळी. आम्ही दारव्हा तालुक्यातले, खेड्यात राहतो. बायकोला पाचवा महिना सरत आलाय. परवाच्या सोनोग्राफीत डावं पाऊल आत वळलेलं दिसलं, रिपोर्टात 'क्लबफूट' लिहिलंय. डॉक्टर म्हणाले बरं होतं, अन् पुढच्या पेशंटला बोलावलं.

मायनं घरी एकच धरलंय: गिऱ्हाणाच्या दिवशी हिनं सांभार (कोथिंबीर) चिरला. ही उलटून बोलत नाही. पण काल जेवताना वरणावरचा सांभार वेचून ताटाच्या कडेला ठेवत होती.

माझ्या डोक्यात वेगळंच आहे. पराटीवर (कपाशीवर) फवारणी मी केली, ते कपडे हिनंच धुतले. त्यानं झालं असेल काय? शिवाय माझ्या सख्ख्या काकाचा पाय जन्मापासून तसाच होता. हे रक्तातून येतं काय? पुन्हा सोनोग्राफी करावी का?

प्रतिसाद:
भाऊ, माझ्या पोराचे दोन्ही पाय असे होते. आता पाचवीत आहे, वर्षाला तीन चपला फाडतो.

सांभाराचा काही संबंध नाही. हजारात एखाद्या बाळाला हे होतंच, मुलांना मुलींच्या साधारण दुप्पट. बहुतेकदा नेमकं एक कारण सापडत नाही. घराण्यात कोणाला असलं तर शक्यता वाढते, म्हणून काकांचं डॉक्टरांना नक्की सांगा. गरोदरपणात विडी-सिगारेटचा धूरही वाईट. फवारणीचे कपडे यापुढे तुम्हीच धुवा, पण पायाचं खापर त्यावर फोडत बसू नका.

सोनोग्राफी पुन्हा करा, बाळाचा पाठीचा कणा नीट पाहायला सांगा. कधीकधी मणक्यातल्या दोषानंही पाय वळतात. नुसता पायच असेल तर पोन्सेटी पद्धत आहे: जन्मल्यावर पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात, दर आठवड्याला नवं प्लास्टर, असे पाच-सहा. मग बहुतेक बाळांना टाचेमागची शीर (रक्ताची नव्हे, स्नायूची) थोडी कापावी लागते. त्यानंतर पट्टीला जोडलेले बूट, तीन महिने दिवसाचे 23 तास, पुढं चार-पाच वर्षांचा होईपर्यंत फक्त झोपेत. बूट सोडू नका! पोरगं रडतं म्हणून आम्ही सोडले, पाय परत वळला, पुन्हा प्लास्टरपासून सुरुवात.

आशाताईंना आत्ताच सांगून ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात याचा इलाज मोफत होतो.

धागाकर्ता:
धन्यवाद दादा. मायला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होती, मग म्हणे, काकाच्या वेळी लोक तुझ्या आजीलाही असंच बोलले होते.

गुरुवारी जातो दवाखान्यात. ते बूट तिथंच देतात, की बाहेरून घ्यावे लागतात?