शब्दचर्चा : 'मर्चंट मरीन'ला 'व्यापारी नौदल' म्हणावे का?

प्रश्न

दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक महासागरात काम केलेल्या अमेरिकन दर्यावर्दींविषयीचा एक लेख मी सध्या मराठीत आणत आहे. 'मर्चंट मरीन'साठी मी 'व्यापारी नौदल' आणि त्यातील माणसांसाठी 'नौसैनिक' हे शब्द योजले होते. त्यामुळे एक वाक्य असे झाले : "व्यापारी नौदलाच्या नौसैनिकांना युद्धानंतर माजी सैनिकांच्या सवलती नाकारण्यात आल्या." मजकूर तपासणाऱ्यांनी समासात एवढेच विचारले की, नौदल आणि सैनिक असे दोन्ही शब्द वाक्यात असताना सवलती नाकारल्या तरी कशाच्या आधारावर? मला उत्तर देता आले नाही. 'आर्म्ड गार्ड'ला मी 'सशस्त्र रक्षक' आणि 'कॉन्व्हॉय'ला 'ताफा' म्हटले आहे. तेही खटकते आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

पहिला प्रतिसाद

आपल्या वाक्यातील दोष भाषेचा वाटत असला तरी तो मुळात वस्तुस्थितीचा आहे, आणि तपासणाऱ्यांनी नेमके त्यावरच बोट ठेवले आहे. अमेरिकेचे मर्चंट मरीन हे 'दल' नव्हते. ती खासगी कंपन्यांची, आणि युद्धकाळात सरकारी नियंत्रणाखाली चालवली गेलेली मालवाहू जहाजे होती. त्यांवरील माणसे कामगार संघटनांचे सभासद असलेले, एकेका सफरीपुरता करार करणारे नागरिक होते. मराठीत 'दल' म्हटले की गणवेश, हुकूम आणि हुद्दे डोळ्यांसमोर येतात, म्हणून 'व्यापारी नौदल' हा शब्द त्या माणसांना न मागता असा दर्जा देऊन टाकतो, जो मिळवण्यासाठी त्यांना प्रत्यक्षात १९८८ सालापर्यंत झगडावे लागले.

सैनिकांना शिक्षणाच्या आणि घरकर्जाच्या सवलती देणाऱ्या 'जीआय बिला'वर राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी जून १९४४ मध्ये सही केली. मर्चंट मरीनमधील लोकांनाही अशाच संधी लवकर मिळाव्यात अशी अपेक्षा त्यांनी त्या वेळी व्यक्त केली होती, परंतु तसा कायदा झाला नाही. पुढे १९७७ च्या कायद्याने, युद्धात सैन्याबरोबर काम केलेल्या नागरी गटांना माजी सैनिक मानण्याची वाट खुली झाली. तेव्हाही या खलाशांचा अर्ज नाकारला गेला. ते न्यायालयात गेले, तेथे निकाल त्यांच्या बाजूने लागला आणि जानेवारी १९८८ मध्ये त्यांना मान्यता मिळाली. (हा निर्णय देण्याचे काम हवाई दल खात्याकडे होते. समुद्रावरच्या माणसांच्या नशिबी ही आणखी एक गंमत.) तोवर विशीतले खलाशी साठीच्या पुढे गेले होते. हा सगळा इतिहास 'दल' या दोन अक्षरांत पुसला जातो.

'व्यापारी खलाशी' असेही करू नये, कारण 'व्यापारी' हे आपल्याकडे आधी नाम आहे आणि मग विशेषण. 'व्यापारी खलाशी' वाचताना खलाशी स्वतःच माल विकतो आहे असे वाटते. शब्द वाढले तरी 'व्यापारी जहाजांवरील खलाशी' असेच लिहावे, आणि एकदा खुलासा केल्यावर नुसते 'खलाशी' पुरेसे होईल. नौदलातील माणसांसाठी 'नौसैनिक' राखून ठेवावा. 'नाविक' मात्र टाळावा. होडीवाल्यापासून तटरक्षक दलातील भरतीच्या पदापर्यंत तो सगळीकडे चालतो, त्यामुळे येथे तो काहीच सांगत नाही.

आता 'आर्म्ड गार्ड'. 'सशस्त्र रक्षक' म्हटल्यावर मराठी वाचकाला बँकेच्या दारात दुनळी बंदूक घेऊन स्टुलावर बसलेला गृहस्थ दिसतो. येथे अर्थ अगदी वेगळा आहे. व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याची मुभा नोव्हेंबर १९४१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने दिली आणि त्या तोफा चालवण्यासाठी नौदलाने आपली माणसे त्या जहाजांवर धाडली. या शाखेत सुमारे १ लाख ४५ हजार जणांनी काम केले आणि १,८०० हून अधिक जण मृत्युमुखी पडले. म्हणजे जहाज व्यापारी, कप्तान नागरी आणि मागच्या डेकवरचा तोफेचा चमू नौदलाचा, अशी ही रचना होती. मी 'नौदलाचे तोफपथक' असा शब्द सुचवतो. 'गोलंदाज' हा आपला जुना आणि नेमका शब्द होता, पण तो क्रिकेटने नेला. "जहाजावर १५ गोलंदाज होते" असे लिहिले तर वाचक फलंदाज शोधू लागेल.

हे दोन वर्ग एकाच जहाजावर कसे राहत, हे पाहण्यासाठी 'स्टीफन हॉपकिन्स' या लिबर्टी जहाजाची (म्हणजे युद्धकाळात घाऊक बांधल्या गेलेल्या मालवाहू जहाजांपैकी एकाची) हकिगत वाचावी. २७ सप्टेंबर १९४२ रोजी केपटाउनहून सुरिनामकडे जाताना, दक्षिण अटलांटिकमध्ये, धुक्यातून 'श्टीअर' हे जर्मन हल्लेखोर जहाज आणि त्याच्या सोबतचे 'टॅनेनफेल्स' अचानक समोर आले. हॉपकिन्सवर मोठी म्हणावी अशी एकच चार इंची तोफ होती. तोफपथकाचा प्रमुख, नौदलाचा तरुण अधिकारी केनेथ विलेट, पोटात लोखंडाचे तुकडे घुसलेले असताना ती चालवत राहिला. दारूगोळ्याचे कोठार उडाले आणि तोफेवरची माणसे पडली, तेव्हा एडविन ओहारा हा अठरा वर्षांचा एंजिन विभागातील शिकाऊ कॅडेट पुढे आला आणि उरलेले पाच गोळे त्याने एकट्याने भरून डागले. तोही तेथेच मारला गेला. हॉपकिन्स बुडाले आणि श्टीअरही बुडाले. एका जीवनरक्षक होडीतून १५ जण ३१ दिवसांनी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागले.

तोफ एकच होती, पण विलेटला मरणोत्तर 'नेव्ही क्रॉस' हे नौदलाचे शौर्यपदक मिळाले आणि ओहाराला मर्चंट मरीनचे वेगळे पदक. आपण दोघांनाही 'नौसैनिक' म्हटले, तर ही दोन पदके वेगळी का, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचन मान्य आहे, तरी दोन गोष्टींची भर घालतो. माझे आजोळ रत्नागिरीकडचे आहे. तेथे कोणी 'मर्चंट नेव्हीत' नसे, "तो बोटीवर असतो" असेच म्हणत, आणि 'नेव्हीत आहे' याचा अर्थ कुलाब्याच्या गोदीत गणवेश घातलेला माणूस. म्हणजे हा भेद बोलीला ठाऊक होता. तो पुसला छापील मराठीने. 'मर्चंट नेव्ही' ही ब्रिटिशांची संज्ञा आहे, अमेरिकन संज्ञेत 'नेव्ही' नाही. तिच्यातील 'मरीन'चा अमेरिकेच्या 'मरीन्स'शी म्हणजे लढाऊ मरीन कोअरशीही काही संबंध नाही, हे आपल्या लेखात एका वाक्यात सांगून टाकावे.

गंमत अशी की असाच घोटाळा उलट दिशेनेही झालेला आहे. फारसी 'लष्कर' म्हणजे सैन्य. तोच शब्द पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत 'लास्कर' होऊन गेला आणि तेथे त्याचा अर्थ झाला ब्रिटिश व्यापारी जहाजांवरचा हिंदी खलाशी. कोकणातून आणि गोव्यातून गेलेले हजारो जण, कोणी डेकवर, कोणी बॉयलरपाशी, कोणी भटारखान्यात, सैन्याचे नाव लावून बिनसैनिकी नोकरी करत होते, आणि त्यांच्यापैकीही कित्येक याच अटलांटिकमध्ये बुडाले.

अमेरिकन जहाजावरील 'बोसन'ला 'सारंग' म्हणण्याचा मोह आपल्याला होईल. काम तेच आहे, डेकवरच्या माणसांचा मुकादम. पण आपला सारंग गावातून माणसेही गोळा करून आणत असे. अमेरिकन बोसन स्वतःच संघटनेच्या भरतीच्या सभागृहातून जहाजावर येई. म्हणून 'बोसन' तसाच ठेवावा.

तिसरा प्रतिसाद

'कॉन्व्हॉय'विषयी थोडे. 'ताफा' एका मालकाचा असतो : एसटीच्या ताफ्यात नव्या गाड्या दाखल होतात, मंत्र्यांचा ताफा रस्ता अडवतो. अटलांटिकमधील कॉन्व्हॉयमध्ये अनेक देशांची आणि कंपन्यांची जहाजे कॅनडातील हॅलिफॅक्ससारख्या बंदरात जमत, सर्वांत मंद जहाजाच्या वेगाने ब्रिटनकडे निघत आणि युद्धनौका त्यांची राखण करत. 'तांडा' जवळचा आहे, पण त्यात राखण येत नाही. मला 'काफिला' योग्य वाटतो, आणि तो केवळ उर्दू गोडव्यासाठी नव्हे. सोळाव्या-सतराव्या शतकात गोव्याचे पोर्तुगीज आपल्या युद्धनौकांच्या सोबतीने व्यापारी गलबतांचे जे जथे खंबायतकडे नेत, त्यांना 'काफिला' हेच नाव होते. आपल्याच किनाऱ्यावर या अर्थाने वापरला गेलेला शब्द आयता हाताशी आहे. सोबतच्या युद्धनौकांना 'राखणीची जहाजे' म्हणता येईल.

जहाजाच्या नावाआधीची अक्षरे मात्र गाळू नयेत. ३१ ऑक्टोबर १९४१ रोजी, अमेरिका युद्धात उतरण्यापूर्वी, अशाच एका काफिल्याची राखण करताना बुडालेली 'यूएसएस रूबेन जेम्स' ही नौदलाची विनाशिका होती. 'एसएस स्टीफन हॉपकिन्स' हे व्यापारी जहाज होते. ३ फेब्रुवारी १९४३ रोजी ग्रीनलंडजवळ बुडालेले 'यूएसएटी डॉर्चेस्टर' भूसेनेच्या वाहतुकीचे होते, त्यावर सैनिक प्रवासी आणि चालवणारे खलाशी नागरी. अक्षरे गेली की तिन्ही नुसती 'अमेरिकन जहाजे' उरतात.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

सर्वांचा ऋणी आहे. वाक्य आता असे केले आहे : "व्यापारी जहाजांवरील अमेरिकन खलाशांना, त्याच जहाजांवर नौदलाच्या तोफपथकाच्या खांद्याला खांदा लावून काम केलेले असूनही, ते नागरिक होते म्हणून युद्धानंतर माजी सैनिकांच्या सवलती नाकारण्यात आल्या." लांबले आहे, पण समासातल्या प्रश्नाचे उत्तर त्यात आले. 'काफिला' घेतला आहे. 'मर्चंट मरीन' पहिल्या उल्लेखात तसेच ठेवून पुढे 'व्यापारी जहाजे' असे लिहितो. 'राखणीची जहाजे' यावर तपासणाऱ्यांनी पुन्हा समासात प्रश्नचिन्ह काढले आहे. त्यांना 'राखण' म्हटल्यावर आंब्याची बाग आठवते. तो शब्द मी तूर्त काढलेला नाही.