मदत हवी आहे: देवळाच्या दगडी तुळईची भेग, दगड न फोडता कशी तपासावी?

नमस्कार मंडळी,

आमच्या गावच्या महादेवाच्या देवळात सभामंडपाच्या एका तुळईला मधोमध, खालच्या अंगाने भेग गेली आहे. तुळई अखंड काळ्या पाषाणाची, आठेक फूट लांब, फूटभर जाड. नख जेमतेम शिरेल एवढीच भेग, पण श्रावणी सोमवारी दर्शनाची रांग नेमकी तिच्याखाली असते. सध्या लाकडी टेकू दिला आहे.

ट्रस्टने बोलावलेल्या एकाने रिबाउंड हॅमरचे (आपटून किती उसळतो त्यावरून कठीणपणा मोजणारं उपकरण) दहा ठोके घेतले, हॅमरवरच्या तक्त्यातून आकडा काढला आणि 'दगड उत्तम' असा कागद दिला. मला ते अजिबात पटलेलं नाही. तो तक्ता काँक्रीटचा, आणि हॅमर सांगतो तो वरच्या थराचा कठीणपणा. आतल्या भेगेचं काय? दुसऱ्याने कोअर, म्हणजे तपासणीसाठी दगडाचा नळकांड्यासारखा तुकडा, काढायला सुचवलं. जिच्याबद्दल शंका तिलाच भोक पाडायचं, हे तर नकोच.

गावातले म्हातारे पाथरवट काका शिडीवर चढून हातोडीने तुळई वाजवत गेले. दोन्ही टोकांना खणखणीत, मधल्या हातभर भागात आवाज बद्द. त्यांच्या कानावर माझा भरवसा आहे, पण ट्रस्टला आकडा हवा.

म्हणून अल्ट्रासॉनिक पल्स व्हेलॉसिटीचा, म्हणजे दगडातून ध्वनिलहर किती वेगाने जाते ते मोजण्याचा, विचार चालू आहे. घट्ट, ताज्या बेसॉल्टमध्ये (काळ्या पाषाणात) वेग सेकंदाला पाच-सहा किलोमीटर मिळतो, भेगाळलेल्या दगडात बराच उतरतो. पण आमच्या दगडात बारीक भोकं आहेत, काहींत पांढरं जिओलाइट खनिज. त्यामुळे पुस्तकातल्या आकड्यापेक्षा शेजारच्या धड तुळईशीच ताडून पाहावं असं वाटतं. बरोबर आहे ना?

खरी अडचण भेगेच्या खोलीची. काँक्रीटमध्ये भेगेच्या दोन्ही बाजूंना आधी १५० आणि मग ३०० मिमीवर प्रोब (लहर सोडणारं आणि टिपणारं टोक) ठेवून, लहरीला लागलेल्या वेळेवरून खोली काढतात. आमच्या भेगेत जुना चुना आणि धूळ बसली आहे. लहर त्यातूनच पार झाली तर भेग उथळ भासेल. दगडावर कुणी हे करून पाहिलंय का?

प्रोब आणि दगडात फट राहू नये म्हणून लावतात ते ग्रीस नको, डाग जन्मभर राहील. टाकीच्या घावांनी खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर तुम्ही काय लावता? आणि ओल्या दगडात वेग वाढीव येतो, तेव्हा टेकू ठेवून चाचणी उन्हाळ्यावर ढकलावी का?

सातारा-वाईकडे जुन्या दगडी कामाची अशी तपासणी केलेलं कुणी असेल तर कृपया अनुभव लिहा. भेगेचे फोटो लगेच टाकतो.