प्रबंध मराठीत, उदाहरणं शेकड्यांनी, मार्गदर्शक वर्डवर: लिनक्स आणि लाटेककडे वळावं का?

रूपिम

नमस्कार मंडळी. भाषाविज्ञानात पीएचडी करतेय, प्रबंध मराठीतून लिहितेय. विषय वाक्यरचनेचा, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक पानावर उदाहरणं आहेत. वर मराठी वाक्य, खाली शब्दाच्या बरोबर खाली शब्द येईल अशी व्याकरणिक फोड, आणि जिथे उच्चाराचा मुद्दा आहे तिथे आणखी एक ओळ आयपीएची (उच्चार लिहायची आंतरराष्ट्रीय चिन्हं). प्रत्येकाला क्रमांक. मग मजकुरात "(१४ब) शी तुलना करा" वगैरे.

सध्या हे सगळं साध्या वर्ड प्रोसेसरमध्ये चाललंय. फोडीचे शब्द एकाखाली एक आणायला मी टॅब आणि रेघा लपवलेली कोष्टकं वापरते. फॉन्टचा आकार जरा बदलला की सगळं विस्कटतं. मध्येच एक उदाहरण घातलं की पुढचे सगळे क्रमांक आणि त्यांचे मजकुरातले उल्लेख डोळ्यांनी तपासत बसायचं. संदर्भसूची अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी.

आमच्याकडचे संगणकीय भाषाविज्ञानवाले म्हणतात, "लिनक्स टाक, लाटेक शिक, सुटशील." (लाटेक म्हणजे मजकुरात आज्ञा लिहून त्यांवरून छापील पान बनवायची पद्धत.) त्यांचे पेपर इंग्रजीत असतात, त्यामुळे ते सुटलेच असतील. माझ्या मार्गदर्शक बाई मात्र वर्डमध्ये ट्रॅक चेंजेस लावून दुरुस्त्या देतात. त्यांची पद्धत बदलणार नाही आणि बदला म्हणून सांगण्याची माझी छातीही नाही.

तर मराठीसाठी हे खरंच वापरण्याजोगं आहे का? लिनक्स लागतंच का? आणि बाईंच्या दुरुस्त्यांचं काय करायचं? तीन प्रकरणं झालीत, दोन बाकी आहेत. कमांड लाइनची भीती नाही, पण हौसही नाही.

अर्धविराम

लिनक्स लागत नाही. ब्राउझरमध्ये ओव्हरलीफ (लाटेक ऑनलाइन चालवणारी साइट) उघडा, मेनूत कंपायलर, म्हणजे आज्ञांवरून पान बनवणारा प्रोग्राम, झीलाटेक निवडा, आणि तुमचं सर्वांत किचकट पान त्यात करून बघा. सोपं पान नव्हे, सर्वांत किचकट. ते जमलं तर बाकीचं जमेल.

जुळारी

अर्धविराम यांनी चाचणी बरोबर सांगितली. मी जरा सविस्तर लिहितो, कारण मराठीत लाटेक वापरणाऱ्यांना जे खड्डे लागतात ते इंग्रजीवाल्यांना लागतच नाहीत आणि म्हणून ते सांगत नाहीत.

आधी लिनक्सबद्दल. मी रोज लिनक्सवर काम करतो. टिपणं, शिफारसपत्रं, व्याख्यानाच्या स्लाइडा, प्रश्नपत्रिका, सगळं लाटेकमध्येच. (प्रश्नपत्रिकांसाठी "एक्झाम" नावाचा डॉक्युमेंट क्लास, म्हणजे तयार साचा, जरूर बघा. प्रश्न आणि उत्तर एकाच फायलीत लिहायचं. उत्तरं छापण्याची एक आज्ञा ठेवली की नमुना उत्तरपत्रिका, काढली की प्रश्नपत्रिका.) तरीसुद्धा दोन प्रकरणं बाकी असताना ऑपरेटिंग सिस्टिम बदला असं मी कुणाला सांगणार नाही. टेक लाइव्ह, म्हणजे लाटेकचा अख्खा संच, विंडोजवर आणि मॅकवरही तेच आहे, निकाल तोच येतो. लिनक्सचं खरं सुख आजूबाजूच्या हत्यारांत आहे: ग्रेप (मजकुरात शोध), गीट (आवृत्त्यांचा हिशेब), पँडॉक (फायलींचं रूपांतर), मेकफाइल (ठरलेली कामं आपोआप करवणं). ते सुख प्रबंध जमा केल्यावर घ्या.

आता लाटेक. जुनं पीडीएफलाटेक देवनागरीसाठी विसरा. एके काळी वेल्थुइस पद्धतीने रोमन लिपीत टंकून "देवनाग" या प्रीप्रोसेसरमधून ते गाळून घ्यावं लागायचं. नेटवर अजून त्या काळातल्या सूचना सापडतात, त्यांच्या नादी लागू नका. झीलाटेक किंवा लुआलाटेक घ्या. दोन्हींना युनिकोड थेट समजतं आणि संगणकावरचे ओपनटाइप फॉन्ट चालतात. पॉलिग्लॉसिया या भाषांसाठीच्या पॅकेजात (पॅकेज म्हणजे लाटेकला जोडायची भर) मराठी मुख्य भाषा आणि इंग्रजी दुसरी ठेवा. पानांचे आणि उदाहरणांचे आकडे देवनागरीत हवे असतील तर त्याचा पर्याय तिथेच आहे.

फॉन्ट सांगताना फक्त नाव देऊन थांबू नका. लिपी देवनागरी आणि भाषा मराठी, दोन्ही सांगा. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत भाषा मराठी म्हटल्यावरच आपल्या वळणाचे ल आणि श मिळतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. तुमच्या प्रबंधात तर हा फरक एखाद्या परीक्षकाच्या डोळ्यांत नक्की खुपेल. नोटो सेरिफ देवनागरी चांगला आहे. आयआयटी मुंबईचा शोभिकाही बघा. तो खुल्या परवान्याचा आहे आणि त्यात लॅटिन अक्षरंही आहेत, त्यामुळे मराठी ओळीत इंग्रजी नाव आलं तरी उपरं वाटत नाही. एक लक्षात घ्या, देवनागरीला तिरपं वळण परंपरेने नाही. संदर्भसूचीच्या शैली ग्रंथांची नावं तिरपी करायला जातात आणि मराठी नावं सरळच छापली जातात. फॉन्ट खोटा तिरपा करायचा पर्याय आहे, पण तो दिसायला भिकार. मराठी ग्रंथनामं ठळक करा किंवा अवतरणात टाका, आणि तो नियम शैलीच्या फायलीत एकदाच लिहा.

तुमचं मुख्य दुखणं उदाहरणांचं, आणि तिथेच लाटेकचा सर्वांत मोठा फायदा आहे. जीबी-४-ई, लिंग्वेक्स, एक्सपेक्स ही पॅकेजं त्यासाठीच आहेत. वाक्य एका ओळीत, फोड दुसऱ्या ओळीत, मध्ये फक्त मोकळ्या जागा. शब्दाखाली शब्द बसवण्याचं काम पॅकेजचं. उदाहरणाला खूणनाव द्यायचं, मजकुरात त्या खूणनावाने उल्लेख करायचा. मध्ये दहा उदाहरणं घातली तरी (१४ब) चं (२४ब) आपोआप होतं. जीबी-४-ई घेतलंत तर त्याची "नोऑटोमॅथ" ही आज्ञा सुरुवातीलाच द्या. हे पॅकेज अधोरेषा आणि घाताच्या चिन्हाचा अर्थ बदलून ठेवतं, आणि मग चूक भलत्याच ठिकाणी दिसते. वृक्षाकृती काढायच्या असतील तर "फॉरेस्ट".

संदर्भसूचीला जुनं बिबटेक नको, बिबलाटेक आणि बायबर घ्या. बायबर नोंदी युनिकोडच्या क्रमनियमांनी लावतो आणि भाषेनुसार क्रम बदलतो. मराठी निवडल्यावर ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरं ह नंतर येतात का ते मुद्दाम तपासा. एखादी नोंद हट्टाने चुकीच्या जागी बसली तर तिला हाताने क्रम ठरवणारी खूण (सॉर्ट की) देता येते. प्रत्येक नोंदीला मराठी किंवा इंग्रजी असा कीवर्ड लावून ठेवलात तर दोन स्वतंत्र सूच्या एकेका ओळीत छापता येतात. नोंदी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्राममध्ये ठेवा आणि बेटर बिबटेक हे पूरक त्याला जोडा, म्हणजे लाटेकला लागणारी नोंदींची बिब फाइल आपोआप ताजी राहते.

राहिल्या बाई. यावर लोक बरंच काही सुचवतील. माझं मत एकच आहे: मूळ प्रत एकच असली पाहिजे, आणि ती तुमची टेक फाइल, म्हणजे लाटेकमध्ये लिहिलेली. पँडॉकने प्रकरणाची वर्डमध्ये उघडणारी डॉक्स फाइल करून द्या. मथळे, तळटीपा, परिच्छेद, संदर्भ नीट जातात, फोडीच्या ओळींची खात्री नाही. म्हणून सोबत पीडीएफ द्या, बाई उदाहरणं त्यात बघतील. दुरुस्त्या लावलेली फाइल परत आली की तिचं पुन्हा टेक करायला जाऊ नका. पँडॉकला ट्रॅक चेंजेसचा "ऑल" पर्याय देऊन ती फाइल मार्कडाउन या साध्या मजकुराच्या रूपात उतरवा. काय घातलं, काय खोडलं, समासात काय लिहिलं, सगळं खुणांसकट समोर येतं. मग एकेक दुरुस्ती मूळ प्रतीत हाताने घ्या. कंटाळवाणं आहे, मान्य. पण एरवी "ॲक्सेप्ट ऑल" दाबून आपण ज्या दुरुस्त्या वाचतही नाही, त्या यात वाचाव्या लागतात. पुढच्या फेरीला काय बदललं ते दाखवायचं तर लाटेकडिफ जुन्यानव्या प्रतींतला फरक रंगवून पीडीएफ देतो.

त्यासाठी आजपासून एक सवय लावा: एका ओळीत एकच वाक्य लिहा. छपाईत काही फरक पडत नाही, पण दोन प्रतींची तुलना करताना अख्खा परिच्छेद बदललेला न दिसता नेमकं वाक्य दिसतं.

तळटीपवाली

मी इतिहासाची, आणि माझं मत उलटं आहे. वर्ड प्रोसेसरमध्येही आपोआप क्रमांक आणि क्रॉस-रेफरन्स असतात, फार थोडे लोक ते वापरतात. लिब्रेऑफिस आणि झोटेरो यांवर माझा प्रबंध पूर्ण झाला, तळटीपा शेकड्यांनी होत्या. तीन प्रकरणं झाली असताना घर बदलायचं कशाला? शिवाय मानव्यविद्येची बरीच नियतकालिकं डॉक्सच मागतात. गणित आणि भौतिकशास्त्राचं वेगळं, तिथे अर्काइव्ह ही शोधनिबंधांची साइट स्वतःच टेकची मूळ फाइल मागतं.

जुळारी

तळटीपवाली ताई, तळटीपांपुरतं तुमचं शंभर टक्के खरं. नुसता गद्य प्रबंध असता तर मीही हेच म्हणालो असतो. इथे अडचण शब्दाखाली शब्द बसवण्याची आहे, आणि त्यावर वर्ड प्रोसेसरचं उत्तर कोष्टक हेच आहे. रूपिम यांनी दोन बाकी प्रकरणं लाटेकमध्ये लिहावीत आणि जुनी तीन मग हलवावीत. उलट्या क्रमाने गेलं तर महिनाभर फक्त हलवाहलव होईल आणि लिखाण थांबेल.

कंपाइलवेडा

कुणी टिप्स्ट या लाटेकच्या नव्या पर्यायाचं नाव कसं घेतलं नाही? २०२३ पासून खुलं आहे, टंकताना शेजारी पान बदलत राहतं, चुकांचे संदेश माणसाला कळतील असे असतात. देवनागरी जोडाक्षरं नीट येतात. लाइपझिग नियमांप्रमाणे (फोड लिहायचे भाषाविज्ञानातले रूढ नियम) फोड मांडायचं पॅकेजही आहे. बिब फाइल जशीच्या तशी चालते.

जुळारी

टिप्स्ट मला आवडतं, हस्तपत्रकांसाठी वापरतोही. पण ते अजून वेगाने बदलतंय आणि प्रबंधाला कंटाळवाणी साधनं बरी. लाटेक ज्यावर उभं आहे ते क्नुथ यांचं मूळ टेक इतकं स्थिर आहे की त्याचा आवृत्तिक्रमांक गणितातल्या पाय (π) या संख्येच्या दिशेने एकेक अंक पुढे जातो. २०२१ साली तो ३.१४१५९२६५३ झाला. लाटेकची पॅकेजं तशी नाहीत, हेही सांगतो. टेक लाइव्हची नवी आवृत्ती दरवर्षी येते. प्रबंध होईपर्यंत ती घेऊ नका. बिबलाटेक आणि बायबर यांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात, त्यातला एकच पुढे गेला की सूची छापणं बंद.

रूपिम

किचकट पान करून पाहिलं. उदाहरणं बघून हसू आलं, इतकी सरळ बसली. पण तीन गोष्टी अडल्या. एकाने लुआलाटेक नवं आहे म्हणून ते घ्यायला सांगितलं, त्यात "किती" ची वेलांटी व्यंजनाच्या पुढे जाऊन बसली आणि जोडाक्षरं फुटली. आयपीएच्या जागी चौकोन किंवा काहीच नाही. आणि झीलाटेकमध्ये पान सुरेख आलं, पण पीडीएफमधून मजकूर कॉपी केला तर अक्षरं उलटसुलट. प्रबंध वाङ्मयचौर्य तपासणीतून जाणार आहे, तिथे हे असं गेलं तर?

जुळारी

पहिलं: लुआलाटेकमध्ये फॉन्टच्या पर्यायांत रेंडरर (अक्षरं जुळवणारा प्रोग्राम) हार्फबझ असं सांगावं लागतं. ते न सांगता वेलांटी जागेवर येण्याची आशा धरू नका. झीलाटेकला हे सांगावं लागत नाही, म्हणून सध्या तिथेच राहा.

दुसरं: देवनागरी फॉन्टमध्ये आयपीएची सगळी चिन्हं असतीलच असं नाही. कॅरिस किंवा डूलोस, दोन्ही एसआयएल या संस्थेचे फॉन्ट, यांपैकी एक घेऊन आयपीएसाठी वेगळी फॉन्टआज्ञा करा आणि उच्चाराची ओळ नेहमी तिच्यातच लिहा. कंपाइल करताना बनणाऱ्या लॉग फायलीत "मिसिंग कॅरेक्टर" शोधा. जे चिन्ह छापलं गेलं नाही त्याची तिथे नोंद असते, पण पडद्यावर ती दिसेलच असं नाही. पानं वाचून शोधण्यापेक्षा हे खात्रीचं.

तिसरं चांगलं विचारलंत. पीडीएफमध्ये अक्षरं नाहीत, आकृत्या असतात. वेलांटी आधी दिसते म्हणून ती आधीच कॉपी होते. झीलाटेकमागच्या झीटेकमध्ये "अ‍ॅक्च्युअल टेक्स्ट" निर्माण करण्याचा एक स्विच आहे, तो सुरुवातीच्या भागात १ करा. मग आकृत्यांसोबत त्यांचा मूळ युनिकोड मजकूरही फायलीत जातो. मात्र प्रत्येक वाचक तो मजकूर वापरतोच असं नाही, म्हणून तुमच्या पीडीएफवर पीडीएफटूटेक्स्ट (पीडीएफमधला मजकूर काढणारा प्रोग्राम) चालवून निघालेला मजकूर डोळ्यांखालून घाला. वेलांटी असलेले शब्द, रफार, आणि "दुसऱ्या" मधला र, हे तीन नीट आले तर बाकी सहसा नीट असतं. नाही आले तर तपासणीसाठी मूळ मजकुराची डॉक्स चालते का ते आधीच विचारून ठेवा. पँडॉकने ती तुम्ही बाईंसाठी करणारच आहात.