संशोधन सहाय्यासाठी ग्रंथालयात पद हवं आहे, प्रकाशनांचा डेटा कसा मांडावा?

ग्रंथपाल_नेरूळ
अभियांत्रिकी महाविद्यालय, ग्रंथालयात आम्ही दोघंच. देवघेव, एनआयआरएफची (शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीची) माहिती, प्रबंधांची वाङ्मयचौर्य तपासणी, सगळं आमच्याकडेच. एक पद मागायचंय, तर व्यवस्थापन म्हणतं आकडे द्या. स्कोपस या शोधनिबंधांच्या डेटाबेसमधली आमची संख्या पुरेल का?

घोडबंदर_रोड
नाही पुरणार, मॅडम. ती संख्या प्राध्यापकांचं काम दाखवते, तुमचं नाही. पण त्याच डेटात तुमची बाजू आहे.

आधी संस्थेच्या नावाने 5 वर्षांचे लेख काढा: पूर्ण नाव, लघुरूप, ‘नवी मुंबई’, ‘न्यू बॉम्बे’, सगळं धरून. मग प्रत्येक प्राध्यापकाच्या ऑर्किड (ORCID, संशोधकाचा ओळख क्रमांक) किंवा स्कोपस लेखक क्रमांकावरून दुसरी यादी काढा. रुजू होण्याआधीचे लेख वगळा. दोन्ही याद्या डीओआयवर, म्हणजे प्रत्येक लेखाच्या कायमच्या क्रमांकावर, जुळवा. जुळवण्यापूर्वी डीओआयच्या सुरुवातीला असलेला वेबपत्त्याचा भाग (https://doi.org/) काढून सगळी अक्षरं स्मॉल करा, नाहीतर एकच लेख दोनदा मोजला जातो.

दुसऱ्या यादीत आहेत पण पहिल्यात नाहीत, ते लेख नीट बघा. बऱ्याचदा लेखकाने पत्त्यात फक्त ‘मुंबई विद्यापीठ’ लिहिलेलं असतं आणि लेख विद्यापीठाच्या नावावर जातो. एनआयआरएफ प्रकाशनं स्कोपस आणि वेब ऑफ सायन्समधून घेतं. अभियांत्रिकीत संशोधनाचा भारांक 30 टक्के आहे. हे निसटलेले लेख शोधून दुरुस्त करायला माणूस लागतो, हे व्यवस्थापनाला लगेच पटतं.

स्कोपस नसेल तर ओपनअ‍ॅलेक्स हा तसाच डेटाबेस मोफत आहे, मात्र तिथले संस्थांचे पत्ते हाताने तपासावेच लागतात.

वाशी_संदर्भ
याला तासांची जोड द्या. समजा वर्षाला 60 तपासणी अहवाल, प्रत्येकी 2 तास. 25 साहित्यशोध, प्रत्येकी 8. 120 प्रोफाइल दुरुस्त्या, प्रत्येकी दीड. झाले 500 तास. एका माणसाचे 230 दिवस, रोज 6 तास धरले तर 1380. म्हणजे पदाचा तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त भाग. यावर पूर्ण पद मागू नका, हिशेब तपासणारा तिथेच अडवेल. वेळेअभावी परत पाठवलेल्या मागण्या आजपासून नोंदवा: तारीख, विभाग, काय हवं होतं. त्यांचे तास वेगळ्या रकान्यात.

ग्रंथपाल_नेरूळ
विभागवार तक्ता जोडू का?

घोडबंदर_रोड
जोडा, पण एक लेख दोन विभागांचा असू शकतो. विभागांची बेरीज एकूण आकड्याशी जुळणार नाही, तशी तळटीप द्या. चालू वर्ष आलेखात घेऊ नका. नोंदी उशिरा चढतात, प्रकाशनं घसरल्यासारखी दिसतात.